पिशवीतला रिपोर्ट: साठीतल्या एका बाईचं एचआयव्हीचं निदान

आक्का आमच्या समुपदेशन केंद्रात आल्या तेव्हा त्यांच्या डाव्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा तसाच होता. मोतीबिंदूच्या शिबिरात ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं त्याच्या वर लावतात, तो. सकाळी यादीत नाव होतं, डोळ्यात थेंब घालून झाले होते, आणि मग रांगेतून त्यांना एकटीला बाजूला बसवलं. कारण कुणी सांगितलं नाही. "शुगर वाढली असंल म्हणून परत धाडलं," असं त्यांनी मला सांगितलं. हातात घडी घातलेली चिठ्ठी होती, लाल शाईनं भोवती गोल केलेला एकच शब्द: रिॲक्टिव्ह. म्हणजे चाचणीत लागण दिसली. पाकीट नव्हतं. सोबत आलेल्या पुतण्यानं ती वाटेत उघडून वाचली होती. त्याला अर्थ लागला नाही हे नशीब.

हे नोव्हेंबर 2023 मधलं. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे आणि तारखांचे बरेच तपशील मी बदलले आहेत, काही गोष्टी दुसऱ्या दोन प्रकरणांतून आणून मिसळल्या आहेत. आजाराचा क्रम आणि माझ्या हातून झालेली चूक मात्र तशीच ठेवली आहे, कारण हे लिहायला बसण्याचं कारण ती चूकच आहे.

आक्कांचं वय तेव्हा 61. गाव सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, विट्यापासून आत. हा गलाईवाल्यांचा मुलूख. सोन्या-चांदीची जुनी मोड आणि सोनाराच्या दुकानातली केरमातीसुद्धा वितळवून त्यातून चोख धातू काढायचा, हा धंदा घेऊन इथली माणसं देशभर पांगली आहेत. उत्तरेत गेली, दक्षिणेत गेली, केरळपर्यंत गेली. घरं मात्र इथंच. जत्रेला आणि दिवाळीला पुरुष येतात, बाकीचं वर्ष बायका शेत, म्हैस आणि सासू-सासरे सांभाळतात. आक्कांचा नवरा गलाईत नव्हता. तो उसाच्या वाहतुकीवर ट्रॅक्टर चालवायचा आणि 2012 साली अपघातात गेला. एक मुलगा, एक मुलगी, दोघांची लग्नं झालेली. मुलाचं घर आणि आक्कांची खोली एकाच अंगणात.

आमच्याकडे वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन चाचण्या करूनच निदान पक्कं करतात. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या. पुढं सीडी 4 पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, मोजल्या, 118 निघाल्या. निरोगी माणसात त्या साधारण 500 ते 1500 असतात, आणि 200 च्या खाली गेल्या की आजार पुढच्या टप्प्यात गेला असं धरतात. इतक्या खाली उतरायला सहसा काही वर्षं लागतात. म्हणजे लागण जुनी होती. शरीरानं हाका मारून झाल्या होत्या, त्या कुणाला ऐकू आल्या नव्हत्या इतकंच.

मग मी मागं मागं जात विचारलं.

ऑगस्ट 2022 मध्ये उजव्या बरगडीवर नागीण उठली. गावातल्या एका म्हातारीकडून गेरू लावून घेतला, नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळू नये म्हणून. फोड सुकले, आग दोन महिने राहिली. साठीत नागीण कुणालाही होते, त्यामुळं ते पाहणाऱ्याला मी दोष देणार नाही. दिवाळीनंतर अंगावरचं मांस उतरायला लागलं. तपासलं तर साखर निघाली. सगळ्यांना हायसं वाटलं, कारण सापडलं. मेटफॉर्मिन सुरू झालं, साखर आटोक्यात आली, वजन मात्र उतरतच राहिलं. साखर आवरल्यावरही वजन का घटतंय, हे विचारायची ती वेळ होती.

फेब्रुवारीत तोंड आलं. जिभेवर आणि टाळूला दह्यासारखा पांढरा थर, घास गिळताना छातीत अडकायचा. हे बुरशीचं लक्षण. आक्कांना कवळी आहे, म्हणून कवळी टोचते असं ठरलं. दातांच्या डॉक्टरांनी कवळी घासून दिली, दोनदा. उन्हाळ्यात जुलाब लागले, ते तीन महिने हटले नाहीत. रात्री घामानं चोळी भिजायची. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं की बदलत्या वयाचा परिणाम आहे. बदलतं वय! एकसष्टाव्या वर्षी, गर्भाची पिशवी काढून सात वर्षं झाल्यावर.

50 किलोच्या आक्का 38 वर आल्या तेव्हा मुलानं शहरातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. पोटात गाठ असणार, असा सगळ्यांचाच संशय. दुर्बीण झाली, सीटी स्कॅन झाला, रक्ताच्या नळ्यांवर नळ्या भरल्या. 80 हजारांच्या वर गेले, त्यासाठी दुभती म्हैस विकली. गाठ नव्हती. इतक्या नळ्यांत एचआयव्हीची एकही नव्हती, आणि सरकारी केंद्रात ती चाचणी फुकट होते, अर्ध्या तासात उत्तर मिळतं. नागीण, घटतं वजन, तोंडातली बुरशी, न थांबणारे जुलाब हे सगळं घेऊन तिशीचा एखादा ट्रकवाला त्याच टेबलासमोर बसला असता, तर पहिल्या आठवड्यात चाचणी लिहिली गेली असती. आक्का नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या.

नागिणीपासून निदानापर्यंत पंधरा महिने गेले. निदान झालं तेही आजाराच्या वाटेनं नाही, मोतीबिंदूच्या वाटेनं. शस्त्रक्रियेआधी रक्त तपासतात म्हणून कळलं. साठीपुढच्या ज्या बायका माझ्याकडे येतात, त्यातल्या बऱ्याच जणी अशाच येतात: डोळ्याचं ऑपरेशन, गुडघ्याचं, नाहीतर टीबी निघाल्यावर. ही वाट वाईट आहे असं नाही, पण ती आडवाट आहे. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यात चाचणीआधी समजावून संमती घ्यायची आणि निकाल गुप्त ठेवायचा, असं स्पष्ट आहे. आक्कांना रक्त कशासाठी काढलं हेच ठाऊक नव्हतं.

बाईची एचआयव्ही चाचणी आपल्याकडे कुठल्या दारानं होते ते बघा. गरोदरपणाच्या. आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून जो कार्यक्रम उभा राहिला, त्यामुळं आज बहुतेक पोटुशी बायका तपासल्या जातात, आणि त्यानं कित्येक मुलं वाचली. पण आक्कांची बाळंतपणं 1982 आणि 1985 ची. भारतात पहिले एचआयव्हीबाधित सापडले तेच 1986 साली, चेन्नईत. त्यांचं ते दार उघडण्याआधीच बंद झालेलं. माहितीचंही तसंच. एचआयव्हीबद्दल बायकांना काय ठाऊक आहे हे ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून कळतं, त्यात प्रश्न विचारतात ते 15 ते 49 वयाच्या बायकांना. पुरुषांसाठी ही मर्यादा 54 आहे. लागणीचं प्रमाण जगभर सांगतात तेही बहुधा 15 ते 49 याच वयाचं. देशात आज 25 लाखांहून जास्त लोक एचआयव्हीसह जगताहेत, राज्यांत सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात, आणि औषधांमुळं त्यातले पुष्कळ जण पन्नाशी-साठीत पोचलेत. बाई मात्र पन्नाशीला टेकली की तिला कुणी काही विचारायचं थांबतं.

आक्कांना काय माहीत होतं? एड्स हा शब्द त्यांना चांगला माहीत होता. 2000 च्या आसपास त्यांच्या आळीत गलाईवरून परतलेला एक तरुण वारला होता. त्याची भांडी घरच्यांनी ओढ्यात फेकली, तिरडीला खांदा द्यायला चौघं जमेनात. आक्कांच्या लेखी एड्स म्हणजे ते पोर: हाडांचा सापळा, पंचविशी, परमुलूख. "माझं वय काय, मला कशानं व्हईल?" त्यांनी विचारलं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर त्यांनी चित्रं पाहिली होती. त्यात तरुण जोडपं असायचं, नाहीतर पोटुशी बाई. म्हातारी कुठल्याच चित्रात नव्हती.

आणि निरोध? निरोध बाजारात आला 1968 साली, कुटुंब नियोजनासाठी. त्यांच्या पिढीच्या डोक्यात तो पाळणा लांबवायची वस्तू म्हणूनच बसला आहे. दोन मुलांवर ऑपरेशन झालं की त्याचं काम संपलं. 2016 मध्ये अंग बाहेर येत होतं म्हणून आक्कांची पिशवी काढली. मग तर पोटाची भीतीच उरली नाही. धोका नेमका इथं वाढतो. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन उतरतं, योनीचं आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, संबंधाच्या वेळी बारीक चिरा पडतात. डोळ्याला न दिसणारी ती चीर विषाणूला पुरते. हे या वयाच्या बायकांना कुणी सांगत नाही. त्या दुखतं म्हणूनही सांगत नाहीत, कारण सांगायचं म्हणजे अजून संबंध होतो हे कबूल करायचं.

सांगलीत एचआयव्हीवर काम झालंच नाही असं कुणी म्हणू नये. 'संग्राम' संस्था 1992 पासून इथं देहविक्री करणाऱ्या बायकांबरोबर काम करते आहे आणि त्याच बायकांनी पुढं 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली. निरोधाविषयी त्या दहा जणींना शिकवतील. खानापूर तालुक्यातल्या घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला तो शब्द तोंडातून काढता येत नाही.

आता माझी चूक.

पहिल्या भेटीत मी फॉर्म भरला. त्यात लागणीचा संभाव्य मार्ग आणि जोडीदाराची माहिती लिहायची असते. मी विचारलं, "आक्का, मालक काय करत होते?" त्या म्हणाल्या, ट्रॅक्टर चालवायचे, कारखान्याच्या हंगामात चार-चार महिने बाहेर असायचे. मी मनातल्या मनात मान हलवली आणि लिहून टाकलं: पती, मयत. वाहतूक, हंगाम, बाहेरगावी मुक्काम. सगळं जुळत होतं. पुढं काही विचारलं नाही. पंचविशीच्या मुलीला मी 'आणखी कुणी जोडीदार?' हा प्रश्न न चुकता विचारते. तो विचारायचं प्रशिक्षण मला मिळालेलं आहे. समोर आईच्या वयाची विधवा बसली होती आणि माझी जीभ त्या प्रश्नाकडे वळलीच नाही. याला मी तेव्हा आदर समजत होते.

जानेवारीत तिसऱ्या भेटीला मी जुने कागद आणायला सांगितले होते, साखरेच्या गोळ्यांचा हिशेब लावायला. विट्याच्या एका कापडदुकानाची पिवळी प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. रेशनकार्डाची झेरॉक्स, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, कवळीची पावती, म्हशीच्या विम्याचा कागद. तळाशी चार घड्या पडून पिवळा झालेला प्रयोगशाळेचा रिपोर्ट, 2016 चा, पिशवीच्या ऑपरेशनआधीचा. हिमोग्लोबिन 9.2. त्याखाली साखर. त्याखाली एचआयव्ही: नॉन-रिॲक्टिव्ह.

मी तो दोनदा वाचला. मग मृत्यूचा दाखला त्याच्या शेजारी ठेवला. 2012. लागण झाल्यावर चाचणीत दिसायला फार तर तीन महिने लागतात, चार वर्षं नाहीत. ज्या माणसाच्या नावावर मी ही लागण लिहून मोकळी झाले होते, त्यानं ती दिली नव्हती.

तरीही मी सरळ विचारलं नाही. म्हटलं, "आक्का, ऑपरेशननंतर कधी रक्त चढवलं होतं का?" नाही. "सुई, सलाईन, गोंदवणं?" नाही. आक्कांनी कागद गोळा करून पिशवीत भरले, गाठ मारली, आणि माझ्याकडे बघून चक्क हसल्या.

"पोरी, पहिल्या दिशी तू इचारलंस मालक काय करत हुतं. म्या सांगितलं. म्होरं काय इचारलंस तू?"

मग त्यांनी सांगितलं. बांधाला बांध लागून शेत असलेला एक माणूस. दक्षिणेतल्या एका शहरात पंचवीस वर्षं गलाईचं दुकान चालवून गावी परतलेला. 2017 पासून. दुपारी, शेतातल्या वस्तीवर. पैशाचा संबंध नाही, जबरदस्ती नाही. पिकाला पाणी पाजायला तो मदत करायचा, त्या त्याला भाकरी द्यायच्या, आणि एवढ्यावरच ते थांबलं नव्हतं. त्याची बायको आहे, साठीची, घरीच असते. आक्का आजारी पडल्यापासून जाणं-येणं बंद होतं. "ह्या वयात असलं कळलं म्हंजी लोकं आदी हसतील, मागनं मारतील," त्या म्हणाल्या. हसण्याची भीती त्यांना जास्त वाटत होती.

तो रिपोर्ट पिशवीत नसता तर फॉर्मवर मेलेला माणूस दोषी राहिला असता आणि जिवंत असलेली दोन माणसं तपासणीवाचून राहिली असती. त्या संध्याकाळी मी नोंद दुरुस्त केली. वहीत खाडाखोड दिसते आहे, ती तशीच राहू दिली आहे.

उपचाराचं थोडक्यात सांगते. टीबी नाही ना हे आधी पाहिलं, मेंदूच्या बुरशीसाठीही रक्त तपासलं, दोन्ही नव्हतं. 2017 पासून निदान झालं की सीडी 4 कितीही असोत, एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारं औषध सुरू करतात, आणि ही औषधं सरकारी केंद्रांत 2004 पासून मोफत आहेत. टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डॉल्युटेग्रॅविर एकाच गोळीत, दिवसातून एकदा. सोबत इतर संसर्ग टाळायला कोट्रायमोक्साझोल. वय झालेल्या माणसात खरी कसरत पुढं असते. डॉल्युटेग्रॅविरमुळं रक्तातलं मेटफॉर्मिनचं प्रमाण वाढतं, म्हणून त्यांची दिवसाची 2000 मिलिग्रॅमची मात्रा डॉक्टरांनी 1000 वर आणली आणि साखरेसाठी दुसरी गोळी जोडली. गुडघ्यासाठी त्या कॅल्शियम घेत होत्या. उपाशीपोटी दोन्ही एकत्र घेतलं तर कॅल्शियम औषधाला अंगी लागू देत नाही; जेवणासोबत घेतलं तर चालतं. ॲसिडिटीचं पांढरं औषध तर गोळीच्या पुढं-मागं काही तास लांब ठेवावं लागतं. टेनोफोविर मूत्रपिंडाला आणि हाडांना जड जाऊ शकतं, त्यावर नजर ठेवावी लागते. हे सगळं एका न वाचता येणाऱ्या बाईला कसं सांगायचं? आम्ही भाकरी आणि चांदणीची चित्रं काढून दिली. भाकरीबरोबर कॅल्शियम, चांदणीला ही गोळी.

गावाजवळच्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय करता आली असती. आक्कांनी नको म्हटलं, तिथं भाचसून कामाला आहे. त्या तासगाववरून एसटीनं सांगलीला येतात. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून तो खर्च झेपतो. निराधार योजनेचे पैसे त्यांना विधवा म्हणून आधीपासून मिळत होते, म्हणून त्यासाठी कुठल्या कचेरीत हा आजार सांगावा लागला नाही. घरात फक्त लेकीला माहीत आहे. सुनेला शुगरची गोळी सांगितली आहे. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळ वाजते, एसटीत शेजारणीनं "कसली वं गोळी?" विचारलं होतं, तेव्हापासून त्या बाटलीच्या तोंडाशी कापूस भरतात. मला हे सुचलं नसतं.

जून 2024 मध्ये व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूची मोजणी केली, विषाणू मोजणीत आला नाही. "म्हंजी निगेटिव्ह झालं?" नाही, आक्का. विषाणू शरीरात दबून आहे, गोळी सोडली की उठेल. पण असा दबलेला राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागत नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. वजन तेव्हा 47 झालं होतं. सीडी 4 मात्र 176 वरच होते; या वयात ते सावकाश चढतात. जुलैमध्ये एका सरकारी रुग्णालयात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शिबिरात जे एका सकाळीत उरकणार होतं, त्याला आठ महिने लागले, आणि एचआयव्ही आहे म्हणून ऑपरेशन नाकारायला कायद्यानं कसलाही आधार नाही.

त्या माणसाला आक्कांनीच गाठून सांगितलं. कसं, ते मी विचारलं नाही. फेब्रुवारीत तो केंद्रात आला, बाकाच्या पार टोकाला टोपी मांडीवर ठेवून बसला. त्याची चाचणी रिॲक्टिव्ह आली, औषध सुरू झालं. बायकोला सांगायला तो महिनाभर तयार नव्हता. शेवटी मार्चमध्ये घेऊन आला आणि माझ्यासमोर तिला म्हणाला, "रक्तात दोष निघालाय माझ्या." मी त्याला थांबवलं आणि आजाराचं नाव त्यालाच उच्चारायला लावलं. ती बाई जमिनीकडे बघत होती. नंतर तिला एकटीला घेतलं. दहा-बारा वर्षांत नवऱ्याशी संबंध नाही, असं आधी म्हणाली. मी पुन्हा, दुसऱ्या शब्दांत विचारलं तेव्हा, गेल्या दिवाळीत, म्हणाली. चाचणी नॉन-रिॲक्टिव्ह आली. उत्तर एकदा बदललं होतं, तेव्हा खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा यायचं, म्हणून कार्डावर जूनची तारीख घातली, खाली हेल्पलाइनचा 1097 नंबर लिहिला.

जूनमध्ये त्या आल्या नाहीत. जुलैतही नाही. मी फोन लावला तर नवऱ्यानं उचलला. नंबर त्याचाच आहे, त्यांच्याकडे फोन नाही. "उसाला पाणी आलंय, सवडीनं आणतो," म्हणाला.